कुंकवाखालचा गॅल्व्हानोमीटर

वाशिंदच्या कारखान्यात मला शनिवारी सुट्टी असायची. नव्वदच्या दशकातले ते शनिवार मी शहापूर-मुरबाडच्या शाळांमध्ये घालवले, पोरांच्या हातात चुंबक आणि तारा देत. घरचे म्हणायचे, नसती उठाठेव. म्हणोत बापडे.

मुरबाडकडच्या एका शाळेत मात्र कपाटाशी गाठ पडली. भौतिकशास्त्राचं सगळं साहित्य त्यात कुलूपबंद. मी माझी पेटी न्यायचे, पोरं प्रयोग करायची, आणि माझी पाठ वळली की पुन्हा फळ्यावरच्या आकृत्या. मला तेच नको होतं. मी हात धुऊन हेडमास्तरांच्या मागे लागले. शेवटी ते वैतागले. "ताई, आज एकदा उघडतो. चाललं तर ठीक, नाहीतर पुन्हा कपाटाचं नाव काढायचं नाही."

"कबूल," म्हटलं.

गॅल्व्हानोमीटर बाहेर आला, तारेतून जराशी वीज गेली तरी काटा हलवून दाखवणारा. नववीच्या पोरांनी तारेचं वेटोळं केलं, टोकं जोडली, आत चुंबक सरकवलं. काटा ढिम्म. चुंबक उलटं करून पाहिलं, तरी ढिम्मच. हेडमास्तर हातातली किल्ली फिरवू लागले आणि माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. पण मी हटणार नव्हते. आज हरले असते तर या पोरांसाठी ते कपाट कायमचं बंद झालं असतं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी वाकून बघत होती. "ताई, स्क्रूवर कुंकू हाय."

होतंच. दरवर्षी दसऱ्याला कपाट उघडायचं, उपकरणांची पूजा व्हायची आणि पुन्हा कुलूप. हळदीकुंकवाचा वाळलेला थर नेमका तार जोडायच्या जागी बसला होता. त्यातून वीज जाणार कशी? मलाच आधी दिसायला हवं होतं, लाज वाटली.

"खरवडू का? पाप नाय ना लागनार?"

"लागलं तर मला लागेल. खरवड."

तिने आधी नमस्कार केला, मग केसातला आकडा काढून स्क्रू लख्ख केले. तारा जोडल्या, चुंबक सरकवलं. काटा टुणकन हलला.

पोरांचा गलका झाला. हेडमास्तर पुढे आले, तिच्याकडून चुंबक मागून घेतलं. आत, बाहेर, पुन्हा आत. बराच वेळ तेच करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं याला कुंकू मीच लावतोय, ताई. हलताना आज पाहिला."

कपाटाची किल्ली त्यांनी त्या मुलीच्या हातात ठेवली.