मारोतीशी भांडणारे अण्णा

आमच्या गावच्या सोसायटीचे शिपाई अण्णा रोज सकाळी मारोतीशी भांडायचे. आधी दिवा लावायचे, मग कमरेवर हात ठेवून सुरू व्हायचे. "काल वडवणीच्या पोरींनी आमच्या चार जणी बाद केल्या. तू काय करत व्हतास बे?" देवाला 'बे' म्हणणारा माणूस मी पुन्हा कुठे पाहिला नाही. पुजारी नाक मुरडायचा. अण्णा त्याला सांगायचे, "माझा ह्याच्यावर भरवसा हाय म्हणून भांडतो. तुझ्याशी कधी भांडलो का?"

पावसाने दडी मारलेली ती वर्षं. सोसायटीत खत येत नव्हतं, बियाणं येत नव्हतं, आणि अण्णांना दिवसभर रिकाम्या गोदामाच्या कुलपाची राखण करायची होती. त्यांनी त्या वेळात आम्हा पोरींना खो-खो शिकवला. जुन्या बैलगाडीचं लाकूड तासून दोन खांब केले. मैदान आखायला चुना मिळेना, तेव्हा हुकूम निघाला, की प्रत्येकीने घरून वाटीभर चुलीतली राख आणायची. मैदान आखायचे ते एकटेच. आम्हाला हातही लावू द्यायचे नाहीत. शिकवण एकच होती, "घाबरला तो बाद झाला."

पण दिवाळी झाली की आमचा संघ ट्रकमध्ये बसून फुटायचा. आई-बाप ऊसतोडीला निघायचे. पोरींनी मागे राहायचं म्हटलं तर राहायचं कुणाकडे? मग मीही जायचे, फडावर भाकरी थापायला आणि धाकट्याला सांभाळायला. जिल्हा जिंकला तर पुढचे सामने हिवाळ्यात असायचे, पण तेव्हा आमची एक कर्नाटकात, दुसरी सांगलीकडे. अण्णांना हेच खात होतं. शाळाही अशीच सुटते, हे त्यांना आमच्या बापांपेक्षा जास्त कळत होतं.

संघाची कप्तान त्यांचीच मुलगी, शोभा. पायात भिंगरी असलेली पोर. त्या उन्हाळ्यात टँकर तीन दिवस आला नाही. विहिरीच्या पायऱ्या ढासळलेल्या, बायका उतरायला कचरत होत्या. "मी जाते की," म्हणत शोभा घागर घेऊन उतरली. दगड निसटला, आणि तळाच्या खडकावरून तिला वर आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

अण्णा रडले नाहीत. दिवा रोज लावायचे, पण मारोतीशी एक शब्द नाही. आम्ही गोदामाच्या दारात गेलो तर म्हणाले, "भ्यायचं न्हाई, हे मीच शिकवलं तिला. जा तुमी घरी." पाठ फिरवून ते आत गेले. आम्हाला वाटलं, आमचंही आता संपलं.

शाळा उघडली. सामने तोंडावर आले. आम्हीच एका सकाळी राख गोळा केली आणि मैदान आखायला बसलो. कधी आखलेलं नव्हतं, जमणार कसं? अण्णा देवळातून परतताना थांबले. बोटाने रेघा मोजल्या. मग म्हणाले, "सातच पाट्या काढल्या. आठवी पोरगी कुठं बसंल?" खरं सांगते, चूक मुद्दाम केलेली नव्हती. अण्णांनी पायाने सगळ्या रेघा पुसल्या, खाली वाकले आणि पहिल्यापासून मैदान आखलं. आखता आखता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आम्हीही रडत होतो.

आता मी शाळेत खेळ शिकवते. मध्यंतरी मुलांना एका खेळाडूच्या आयुष्यावरचा सिनेमा दाखवला. त्यातला दुःखी नायक आभाळाकडे बघतो, ढग बाजूला होतात, वाद्यं वाजतात आणि त्याची श्रद्धा परत येते. पोरं मुसमुसत होती. मला मात्र राखेने माखलेले दोन हात दिसत होते.

शोभाची जागा मला मिळाली. मी संघातली सगळ्यांत भित्री, सारखी मागे वळून बघणारी. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी बीडला निघायच्या दिवशी अण्णा देवळात गेले आणि किती महिन्यांनी त्यांचा आवाज चढला. "माझी एक नेलीस. ह्या बारा जणी तुझ्या पदरात टाकल्यात. त्यांना सांभाळ, न्हाईतर उद्यापासून तुझं तोंड बघणार न्हाई." मग बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुमे, शोभासारखं खेळू नको. तिला भेव ठाऊक नव्हतं. तुला हाय, लई चांगलं हाय. मागं बघत पळ."

अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एकाच गुणाने पुढे होतो. माझ्या जोडीच्या दोघी बाद झाल्या. मी बाद झाले असते तर बरोबरी झाली असती, आणि जादा डाव खेळायला पायात बळ कुणाच्याच उरलं नव्हतं. मी खांबाला धरून फिरत राहिले. दर वळणाला मागे बघत होते. दोनदा पाठलाग करणाऱ्या पोरीची बोटं पाठीजवळून गेली आणि दोन्ही वेळा मला ती आधीच दिसली होती. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी मी पळतच होते. अण्णांनीच मला धरून थांबवलं.

गावात वाजत गाजत मिरवणूक निघाली. सोसायटीचे चेअरमन हार घेऊन पुढे आले. अण्णांनी मान मागे घेतली. "साहेब, हार नको. गोदाम द्या."

"गोदाम कावून?" चेअरमन चमकले.

"रिकामंच हाय. आई-बाप तोडीला गेले की पोरी तिथं राहतील. सामने व्हतील, शाळाबी व्हईल. राखणीला मी हायेच."

सगळं गाव बघत होतं. चेअरमननी खिशातून दुसरी किल्ली काढून दिली. स्वयंपाकाची पाळी गावातल्या म्हाताऱ्यांनी वाटून घेतली.

माझा बाप मात्र ऐकेना. "पोरगी मागं ठेवून हात चालंल का माझा?" आई आजवर बापापुढे बोललेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, "अण्णांनी स्वतःची पोर गमावलीय. आपल्या पोरीला ते डोळ्यांत तेल घालून जपतील. राहू द्या तिला."

दिवाळीनंतर ट्रक लागले. कोयते, भांडी, कोंबड्या, लहान पोरं, सगळं चढलं. आम्ही बारा जणी पहिल्यांदाच खाली उभ्या होतो. ट्रक हलला तशी आई पदर तोंडात धरून मागे बघत राहिली. मला हुंदका आवरेना. अण्णा शेजारी आले, धूळ खाली बसेपर्यंत उभे राहिले.

मग म्हणाले, "आज पोटभर रडून घ्या. उद्या सहाला मैदानात."