करंजाखालचा पाण्याचा कॅन

सणसवाडीतल्या आमच्या कारखान्यात मशीन शॉपच्या मागे एक करंजाचं झाड आहे. ते कुणी लावलं हे कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे त्याच्याजवळ कुणाच्या नावाची पाटीही नाही. दुपारी जेवणाची घंटा झाली की पॅकिंग विभागातले जुने पुठ्ठे त्याच्या सावलीत अंथरले जात आणि मशीन शॉपची माणसं गोल करून बसत. डबे मध्ये ठेवायचे. कुणाचा डबा कुठला, हे एकदा झाकणं निघाली की विसरायचं. शिरूरकडची मेथी, न्हावऱ्याकडचा ठेचा, बिहारच्या वेल्डरची निखाऱ्यावर भाजलेली कडक लिट्टी, दौंडहून येणाऱ्या फोर्कलिफ्टवाल्या चाचांचा खिमा. खिमा असेल त्या दिवशी दोघे माळकरी थोडे मागे सरकायचे आणि बाकीचे थोडे पुढे.

मी प्रशासन विभागात आहे. माझं टेबल ऑफिसात, पण जेवण करंजाखाली. ऑफिसातल्या जेवणात पगारवाढ आणि रक्तातली साखर हे दोनच विषय असतात, आणि दोन्ही ऐकून भूक मरते.

त्या गोलाचा एक नियम होता. ज्याने डबा आणला नसेल त्याने निळा कॅन उचलायचा आणि कूलरवरून पाणी भरून आणायचं. डबा का नाही, हे कुणी विचारायचं नाही. बायको माहेरी गेली असेल, भांडण झालं असेल, झोप लागली असेल. पाणी आणलं की त्याचं जेवण त्याच्या हक्काचं. उपकार नाही आणि आभारही नाहीत. रमजानात चाचांचा रोजा असायचा, तरी ते कॅन भरून आणायचे आणि खोडाला टेकून सगळ्यांच्या भाज्यांवर शेरे मारायचे. "ह्या वांग्याला मीठ जास्ती झालंय." "चाचा, तुम्ही तर चाखलं पण नाय." "तुझं तोंड बघून कळतंय की."

गेल्या वर्षी निमोण्याच्या आप्पांची बायको गेली. आप्पा लोखंड कातायच्या लेथवर असतात, वय पन्नाशीच्या पुढे. मुलगी दौंडला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. दिवसकार्य आटोपून ते कामावर आले त्या दुपारी घंटा झाली, आप्पा उठले, निळा कॅन घेतला आणि कूलरकडे चालू लागले. आम्ही सगळे ताटलीत बघत बसलो. पाणी आलं, वेल्डरने सरकून जागा केली, आप्पा बसले आणि जेवले. नंतर कितीतरी महिने ते रोज पाणी आणत आणि रोज गप्प जेवत. मग एके दिवशी वेल्डरच्या लिट्टीचा तुकडा तोडता तोडता म्हणाले, "ह्ये लेथवर धरावं लागतंय." त्या दिवशी सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आनंदाकडे लक्ष द्यायचं ठरवलं.

पुण्याहून नवे साहेब आले. माणूस चांगला होता, हे आधीच सांगतो. कुणावर ओरडायचे नाहीत, सगळ्यांना नमस्कार करायचे. फक्त त्यांना आनंद हा सोसायटीतल्या लिफ्टसारखा वाटायचा, एकदा बसवून घेतला की झालं. पहिल्या बैठकीत त्यांनी पडद्यावर एक वर्तुळ दाखवलं. वर्तुळाच्या मध्यभागी 'माणूस' असं लिहिलेलं होतं आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे बाण सुटलेले होते. मला त्या माणसाची काळजी वाटली.

मग कामं निघाली आणि ती अर्थातच माझ्याकडे आली. कँटीनमध्ये उंच स्टूल आणि दोघांपुरती गोल टेबलं आली, कारण तशी एका मोठ्या कंपनीत आहेत म्हणे. गर्दी होऊ नये म्हणून जेवणाच्या सुट्टीचे चार तुकडे झाले. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक ॲप आलं. त्यात रोज सकाळी हसरा, सरळ किंवा रडका यांपैकी एक चेहरा दाबायचा. आणि करंजाखाली 'निवांत उद्यान' झालं. हिरवळ, रंगवलेले दगड, दोन बाक आणि एक पाटी: 'हिरवळीवर बसू नये. येथे डबे खाऊ नयेत.' ती पाटी मीच रंगवून घेतली. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले आणि त्या दिवसापासून त्या उद्यानात फक्त पाणी मारणारा माणूस दिसू लागला.

आनंदाचा आलेख मात्र चढत गेला. दर सोमवारी साहेब तो दाखवायचे. आमच्याकडे इतकी सुखी माणसं असतील याची मला कल्पना नव्हती.

एके दिवशी फोर्कलिफ्टवाले चाचा माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाऊसाहेब, ते आप्पा जेवत नाहीत, माहीत हाय का?"

"जेवत नाहीत म्हणजे?"

"म्हंजी जेवत नाहीत. त्यांची सुट्टी पहिल्या तुकडीत, आमची तिसऱ्या. कँटीनमधी त्या उंच स्टुलावर बसायचं, समोर कुणीतरी पेंट शॉपचा पोरगा मोबाइल बघत. एक-दोन दिवस गेले, मग बंदच. मशीनपाशी बसून ऱ्हातात. मी डबा पुढं केला तर म्हनले, भूक न्हाई. भूक कशी न्हाई? पाणी आणू दिलं असतं तर लागली असती."

मी आप्पांना गाठायच्या आधीच आप्पा माझ्याकडे आले. टोपी हातात होती.

"भाऊसाहेब, माजा हिशेब करून टाका."

"का हो आप्पा? काही झालं का?"

"काय न्हाई. पोरगी म्हंती दौंडला येऊन ऱ्हावा. पर जावयाच्या दारात किती दीस बसायचं? घरीच बसंन."

"घरी काय करणार?"

"भिंती हायेत की. हितं तरी काय येगळं हाय आता."

मी ॲपमध्ये त्यांचं नाव काढून पाहिलं. गेले कितीतरी दिवस रोज हसरा चेहरा. मी त्यांना तो दाखवला. आप्पा पहिल्यांदाच जरासे हसले.

"त्याचं काय हाय भाऊसाहेब, रडका दाबला की पुढं लई प्रश्न इचारतंय. हसरा दाबला की सोडतंय."

आलेखाचं गूढ मला त्या क्षणी उलगडलं. आप्पांना म्हटलं, मला आठ दिवस द्या, मग हिशेब करू. ते 'बरं' म्हणाले, पण ते 'बरं' मनाने केव्हाच घरी गेलेल्या माणसाचं होतं.

मी साहेबांकडे गेलो आणि साध्या मराठीत सगळं सांगितलं. माणसं झाडाखाली एकत्र जेवायची, एकमेकांकडे लक्ष असायचं, ते परत सुरू करू या. खर्च काही नाही. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि वाईट वाटून म्हणाले, "तुमची भावना समजते. पण पुठ्ठ्यावर बसून जेवणं... पाहुणे येतात हो. आणि लॉनचं काय?"

मी बाहेर आलो. काय चुकलं याचा विचार करत कूलरपाशी उभा राहिलो. निळा कॅन तिथेच कोपऱ्यात होता, आत कोळ्याने जाळं केलेलं. तेव्हा लक्षात आलं की माझ्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. फक्त खर्च नाही असं सांगायला नको होतं, आणि मराठीत तर नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, "सर, एक कन्सेप्ट आहे. फ्लोअर-सीटेड कम्युनिटी डायनिंग. ओपन एअर. शेअर्ड मील्स, पिअर सपोर्ट. मॅट्स रिसायकल्ड असतात. एक हायड्रेशन व्हॉलंटिअर असतो, तो रोज बदलू शकतो."

साहेब खुर्चीत पुढे आले. "इंटरेस्टिंग. हे कुठे सुरू आहे?"

"एका लोकल युनिटमध्ये बरीच वर्षं सक्सेसफुली चाललं होतं."

यात मी एक अक्षर खोटं बोललो नाही. फक्त इंग्रजीत बोललो. साहेबांनी वहीत 'पायलट' असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मशीन शॉपची सुट्टी पुन्हा एक झाली, आणि पाटी काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ते मी स्वतः केलं. इतक्या हौसेने मी ऑफिसातलं कुठलंच काम केलेलं नाही.

पहिल्या दिवशी सगळे आले. पुठ्ठे हिरवळीवर छान बसतात, हे मान्य करायला हवं. आप्पा मात्र आले नाहीत. चाचा शॉपच्या दारात गेले आणि आवाज चढवून ओरडले, "ओ आप्पा! तहानेनं मारता का काय सगळ्यांना? का साहेबाला सांगू कूलर हितं आणून ठेव म्हणून?"

मग आप्पा आले, हात पुसत, कपाळाला आठ्या घालून. "चाचा, फोर्कलिफ्ट चालवता ना तुमी? एक कॅन उचलंना व्हय?" असं म्हणत त्यांनी कॅन घेतला, आतलं जाळं बोटाने काढलं, दोनदा विसळला आणि भरून आणला. वेल्डर सरकला. "बैठिए आप्पा, लिट्टी ठंडी हो रही है." "गरम असती तरी काय फरक पडला असता?" आप्पा म्हणाले आणि बसले.

आठ दिवस झाले. आप्पांनी हिशेबाचं काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एका दुपारी आप्पा आले ते काखेत पिशवी घेऊन. आत डबा होता. त्यांनी तो इतरांच्या डब्यांत ठेवला आणि झाकण काढून दुसरीकडे बघत बसले. पिठलं होतं. तळाशी करपलेलं, वर पातळ. भाकऱ्यांना नीट आकार नव्हता, पण भाजलेल्या होत्या.

"कुणी केलं?" चाचांनी विचारलं.

"मी. मुलीला फोनवर इचारत इचारत. निम्म्यात रेंज गेली."

"ते दिसतंय," चाचा म्हणाले आणि सगळ्यात आधी त्यांनीच भाकरी तोडली.

पिठल्याभोवती हात पडत असताना कुणाला तरी ठसका लागला आणि तेव्हा कळलं की पाणीच नाही. आज सगळ्यांचे डबे होते. कॅन कुणाचाच नव्हता. नेमके त्याच वेळी नवे साहेब पायलट कसा चाललाय ते पाहायला आले. हातात फोन, फोटोसाठी तयार.

"वा, वा! बसा, बसा. मी फक्त बघायला आलोय."

आप्पांनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "डबा न्हाई आणला साहेब?"

"नाही, मी आपला नंतर..."

"मग क्यान तिकडं हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे म्हटलं, "हायड्रेशन व्हॉलंटिअर, सर." साहेबांनी फोन खिशात घातला आणि गेले. आले तेव्हा पँटचा एक पाय गुडघ्यापासून खाली ओला होता आणि चेहरा ॲपमध्ये नसलेल्या प्रकारचा होता. माळकऱ्यांनी सरकून जागा केली. साहेब पुठ्ठ्यावर बसले, मांडी घालताना जरा वेळ लागला. आप्पांनी त्यांच्यासमोर भाकरी ठेवली आणि तिच्यावर पिठलं वाढलं, करपलेला भाग बाजूला काढून.

मला राहवलं नाही. वाकून हळूच विचारलं, "आप्पा, त्या तुमच्या हिशेबाचं काय करायचं?"

"भाऊसाहेब," आप्पा घास चावत म्हणाले, "जेवताना हापिसाचं काढू नगा."