साइटवरचे साहेब

वीज ऑफिसात सगळ्यांचे पगार तपासायला बाहेरून सल्लागार आणला होता. त्याच्यासमोर मोठे साहेब बोलून गेले, "लाइनमन काय, दिवसभर खांबाला टेकून बसतात. यांची पगाराची श्रेणी एक पायरी उतरवा." समोरच चिमणीचा लाइनमन काका उभा होता. मागच्या साली तारेनं भाजलेला हात पाठीमागे लपवून त्यानं मान खाली घातली. तक्रारीच्या फोनवर बसलेल्या चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच काकानं तिला लहानाची मोठी केली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सल्लागारानं विचारलं, "साहेब कुठायत?"

"साइटवर," शिपाई सवयीनं म्हणाला. ऑफिसातलं हे ठरलेलं उत्तर. चिमणीनंही ते फोनवर हजारदा दिलं होतं.

आज मात्र ती उठली. "चला, साइट दाखवते."

मागच्या स्टोअररूममध्ये पंखा फुल्ल सोडून साहेब खाटेवर घोरत होते.

"ही साइट. रोज चारपर्यंत काम चालतं. आता यांची श्रेणी लावा," चिमणी म्हणाली आणि बोलता बोलता साहेबांचे बूट पायानं खाटेखाली पार भिंतीपर्यंत ढकलले.

साहेब धडपडून उठले. बूट सापडेनात, तसे गुडघ्यांवर बसून खाटेखाली चाचपडायला लागले.

चिमणी धावत गेली आणि काकाला हाताला धरून घेऊन आली. साहेब अजून खाटेखाली वाकून बूटच शोधत होते.

"अगं, नोकरी जाईल तुझी!" काका कुजबुजला.

"जाऊ दे. आधी डोळे भरून बघ. आज कुणाची मान खाली आहे?"