उस्तादजींची बंडी

कुठल्याही पाण्याशी बोलायचं तर ते आधी कोपर बुडवत. हात नाही, कोपर. आई बाळाच्या आंघोळीचं पाणी बघते तसं. मग डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत आणि म्हणत, "पानी को कोई जल्दी नहीं होती, साबजी."

चंदीगडच्या ज्या सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो, तिथे उपकरणं बुडवून बघायचा एक मोठा हौद होता. हौदाचा कारभार त्यांच्याकडे. वय पन्नाशीचं, दाढी अर्धी पिकलेली, खांदे दारातून तिरके न्यावे लागतील एवढे रुंद. तरुणपणी ते रोपडकडच्या कालव्यावर पाणबुडे होते. दरवाजात गवत अडकलं की आत उतरून काढायचं, कधी माणूस अडकला तर तोही. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलांना मी विचारलेलं नाही.

आम्ही पाण्याखाली उजेड मोजायचं यंत्र केलं होतं. ते घेऊन लक्षद्वीपच्या समुद्रात तासभर एका जागी थांबायचं होतं. मी पोहण्यात तरबेज, श्वासाच्या टाकीचं शिक्षणही घेतलेलं. म्हटलं, "उस्तादजी, तिथलं पाणी अठ्ठावीस अंश. गरम. बनियनवर भागेल."

"और आप कितने डिग्री के हो जी?"

"सदतीस."

"तो नौ का घाटा. वो आराम से ले लेगा."

मी हसलो. त्यांनी मला भर मे महिन्यात हौदात बसवलं आणि हातात एक नट-बोल्ट दिला. म्हणाले, हलायचं नाही, समुद्रातही हलता येणार नाही. पाऊण तासाने त्यांनी खूण केली तेव्हा तो नट माझ्याकडून बोल्टवर चढेना. बाहेर लूचा गरम वारा वाहत होता आणि माझे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी हिने विणलेला स्वेटर घालून उतरलो. तो एवढं पाणी प्यायला की मला दोघांनी ओढून काढलं. उस्तादजींनी तो हळूहळू पिळला, सावलीत पसरला आणि म्हणाले, "बहनजी ने प्यार से बुना है. इसे पानी में मत रुलाओ."

मग ते स्वतः कामाला लागले. अंगालगत नायलॉनचा पातळ, घट्ट सदरा. त्यावर स्पंजसारख्या रबराची बंडी, मानेपर्यंत. हात मोकळे, छाती झाकलेली. पाणी आत येणारच, पण एकदाच यावं, हा त्यांचा सगळा सिद्धांत. "मेहमान आ गया तो बिठा लो, अपने जैसा गरम हो जाएगा. जो आता-जाता रहे, वो घर ठंडा करता है." त्यांनी माझी मापं सुतळीने घेतली. बंडी इतकी घट्ट झाली की चढवायला टाल्कम पावडर लागायची.

कॉलरच्या आत त्यांनी लाल दोऱ्याने गुरुमुखीत माझं नाव शिवलं. मी विचारलं, हे कशाला?

"नहर पे काम किया है जी. नाम लिखा होना चाहिए."

दुसरी बंडी त्यांनी स्वतःसाठी शिवली. यंत्र धरायला माझ्याबरोबर तेच येणार, हे ठरलेलं होतं. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत विचारायचे, "दूसरा किनारा बिलकुल नहीं दिखता? पक्का?"

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, पंजाबात काय दिवस होते ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यांची गावाकडची बस सकाळी दोन-तीनदा थांबवत. सरदार तेवढे उतरवून झडती. ते डबा झाकण उघडूनच मांडीवर ठेवत, म्हणजे पोलिसांचा वेळ जात नाही म्हणे. आम्ही बाकीचेही भ्यालेले. संध्याकाळी सहा वाजले की दाराला कडी.

आमची बोट नौदलाची. बरोबर येणाऱ्या कामगारासाठी अधिकाऱ्याने, म्हणजे मी, एका कागदावर सही करायची होती : या माणसाला मी ओळखतो आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी घेतो. एक सहकारी सहज म्हणाला, "जामीन राहतोयस? विचार कर बाबा, दिवस कसले आहेत." तेवढंच. मला कुणी अडवलं नव्हतं, वरूनही काही आलं नव्हतं. तो कागद मी टेबलाच्या खणात आलेख-कागदांखाली ठेवला आणि मुदत जाऊ दिली.

उस्तादजींना सांगितलं, "मंजुरी आली नाही."

"कोई बात नहीं जी."

पेन्सिल घ्यायला ते रोज माझाच खण उघडत, हे मला त्यांच्याशी खोटं बोलून झाल्यावर आठवलं.

निघायच्या दिवशी त्यांनी आपली बंडी माझ्या हातात दिली. "अपनी के ऊपर ये पहन लेना. आप पतले हो, दोनों आ जाएँगी." मी ती तिथेच चढवून पाहिली. माझ्या बंडीवर त्यांची अगदी मापात बसली. त्यांनी खांद्यावरची एक सुरकुती अंगठ्याने सपाट केली आणि पाठीवर थाप मारली.

समुद्रात मी रोज तास-सव्वातास थांबलो. बरोबरचा नौदलाचा पाणबुड्या साध्या सुती सदऱ्यात होता, तो अर्ध्या तासात कुडकुडत वर जाई. माझी बोटं शेवटपर्यंत चालत होती. परतल्यावर मी अहवाल लिहिला : उष्ण समुद्रात स्थिर काम करणाऱ्याने दोन बंड्या, आतली घट्ट, बाहेरची एक माप मोठी, अशा वापराव्यात. पुढे तो मजकूर एका पुस्तिकेत गेला, माझ्या नावाने. त्यावर मला बढती मिळाली. ती पद्धत कुठल्या प्रयोगातून निघाली, असं अनेकांनी विचारलं. मी काहीबाही सांगितलं. प्रयोग असा नव्हताच. एका माणसाला मी मागे ठेवलं, म्हणून एक बंडी उरली होती.

त्यांच्यासाठी मी समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणलं. त्यांनी ते वाटीत ओतलं, बाही सारली, कोपर टेकवलं, डोळे मिटले.

"ये तो चंडीगढ़ का हो गया जी," म्हणाले. मग जीभ लावून बघितली आणि खुश झाले. "ठंड लगी?"

"नाही."

"बस फिर."

यापेक्षा जास्त त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले. येतो येतो म्हणत राहिलो, आणि मग त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, ते गेल्याचं, अंतिम अरदास होऊन गेल्यावर.

दोन्ही बंड्या माझ्याकडे आहेत, एकीत एक घातलेल्या. रबर कडक झालंय, तरी दर हिवाळ्यात मी पावडर लावतो. मुलीने एकदा विचारलं होतं, "पापा, ये बड़ी वाली किसकी है?" मी म्हटलं होतं, ऑफिसची.

त्या मोठ्या बंडीच्या कॉलरच्या आत लाल दोरा नाही. मला देण्याआधी त्यांनी आपलं नाव उसवलं होतं, बोटीवर ही कुणाची म्हणून मला कुणी हटकू नये म्हणून. मी ते पहिल्याच दिवशी बोटीवर पाहिलं आणि वर श्वासाची टाकी चढवली. सुईची भोकं मात्र राहिली आहेत, बारीक, एका ओळीत. मला गुरुमुखी येत नाही. पण त्यांवरून बोट फिरवलं की ते नाव पुरतं वाचता येतं.