पंचविसावी प्रवासी

आमच्या वस्तीचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात पहिला दिव्याचा खांब येईल, पहिलं दुकान येईल, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन तर फोटोसकट येईल. शिलाईकाकू येणार नाहीत. म्हणून मीच लिहून ठेवते.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा शहर आमच्या बरंच अलीकडे संपायचं. पुढे माळ, माळावर चुन्याच्या रेघांनी आखलेले प्लॉट, खडीचा एक रस्ता आणि चाळीसेक घरं, त्यांतली निम्मी बिनगिलाव्याची. जो तो 'पुढच्या वर्षी वरचा मजला' म्हणायचा आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणायचा. नळ सगळ्यांत मिळून एक. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला वेगळे कष्ट पडत नसत.

नळासमोरच्या घरात काकू राहायच्या. काका लवकर गेले होते. खिडकीला मशीन लावून त्या शहरातल्या एका दुकानाचे शर्ट शिवायच्या. तोंडाने अतिशय फटकळ. मला पाहिलं की, "काय गं काडी, वाऱ्याने उडशील, दगड ठेव खिशात," हे ठरलेलं. मला त्यांचा राग यायचा, हे आज कबूल करते.

मी तेव्हा शहरातल्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेत होते, दुसऱ्या वर्षाला. रोज तासभर माळ तुडवत नाक्यावर जायचं आणि तिथून बस. तीनदा उशीर झाला तर नाव कमी, असा नियम होता आणि माझे दोन उशीर होऊन गेले होते. अशात आमच्या वस्तीपर्यंत बस आली. सकाळी सात दहाला सुटून शहरातून परत वस्तीवर येणारी, आणि संध्याकाळी तशीच एक. पण तीन महिन्यांच्या बोलीवर. तपासनीस कोणत्याही दिवशी येणार, आणि आमच्या थांब्यावरून पंचवीसपेक्षा कमी माणसं निघालेली दिसली की बस बंद. कामावर जाणारे आम्ही सगळे मिळून सतरा. बाबांनी हिशोब केला आणि म्हणाले, "बस गेली तर शिक्षणही गेलं असं समज. रोज त्या माळातून तुला पाठवून माझा जीव टांगणीला लागतो."

ही बातमी नळावर पोचायला कितीसा वेळ लागणार! काकूंनी मशीन थांबवलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सतरा आहेत ना? मग आठ कमी. आठ जण बसायचं बसमध्ये आणि तसंच परत यायचं. त्यात काय एवढं? मी रोज बसेन. उरलेले सात तुम्ही पाळीपाळीने द्या."

"आणि कामं कोण करणार?" कुणीतरी विचारलं.

"मी बसमध्येच काजं-बटणं करीन. तेवढाच वारा."

अशी ती पाळी सुरू झाली. सलूनवाले मामा दुसऱ्या दिवशीची नावं आरशाच्या कोपऱ्यात खडूने लिहायचे, म्हणजे दाढीला बसलेल्या माणसाला आपलं तोंड आणि आपली पाळी एकदमच दिसे. निवृत्त गुरुजी तिकीट काढून शहरापर्यंत जायचे, खाली पाय न टेकवता परत यायचे आणि आल्यावर रस्त्याच्या खड्ड्यांवर भाषण द्यायचे. कुंपणावरून वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी एकाच पाळीत आले. पहिल्या आठवड्यात एकाने खिडकीकडे तोंड केलं, दुसऱ्याने दाराकडे. तिसऱ्या आठवड्यात कुंपण कुठे घालायचं ते बसमध्येच ठरलं.

काकूंची जागा पुढची, खिडकीजवळची. मांडीवर शर्टांचं गाठोडं, मुठीत एक लिंबू. बस सुटली की त्या डोळे मिटायच्या ते शहर येईपर्यंत. आम्ही मुली मागे बसून खिदळायचो, "काकू निघाल्या झोपायला!" गाठोडं सुटलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा खोचकपणे विचारलंही, "काय काकू, काजं झाली का?" तर म्हणाल्या, "उजेड कुठाय इथे?" खिडकीतून ऊन चांगलं मांडीवर पडलं होतं.

शेवटच्या आठवड्यात तपासनीस आला. वही घेऊन पायरीवरच उभा राहिला. आणि नेमके त्याच दिवशी गुरुजी तापाने पडलेले! चोवीस माणसं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तेवढ्यात काकूंनी खिडकीतून समोरच्या सलूनकडे हाक मारली, "मामा, एक माणूस पाठवा! लवकर!"

मामांनी खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठवलं आणि तसंच पाठवलं. गळ्यात पांढरं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस. तो बिचारा मुकाट्याने काकूंच्या शेजारी येऊन बसला.

तपासनिसाने त्याच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "बाई, तुम्ही कुठे उतरणार?"

"जिथे चढले तिथेच," काकू म्हणाल्या.

त्याने वहीची पानं मागे उलटून नियम वाचून पाहिला. "नियमात प्रवासी मोजा म्हटलंय," शेवटी तो म्हणाला. "कुठे जाता ते विचारा असं काही म्हटलेलं नाही." आणि त्याने पंचवीस लिहिले.

बस राहिली. मी नर्स झाले, माझ्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली. बस आहे म्हणून माणसं आली, माणसं आली म्हणून दुकानं आली. आता माळ शोधून सापडत नाही आणि दर दहा मिनिटांनी बस आहे. मीही आता निवृत्त झाले आहे.

गेल्या महिन्यात काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ऐंशी उलटून गेल्यात, पण जिभेची धार तशीच. दवाखाना तीन थांब्यांवर. मी म्हटलं, "चला काकू, बसने जाऊ. तुमची पुढची जागा मिळवून देते."

"चालत जाऊ."

"अहो, तीन थांबे आहेत!"

"हल्ली बसला माणसं किती असतात?"

"उभं राहायला जागा नसते."

"मग माझी काय गरज?" त्या चपला घालत म्हणाल्या. "बस लागते गं मला. पहिल्यापासून. अर्ध्या रस्त्यातच मळमळायला लागतं."

मी दारातच उभी राहिले. ते लिंबू, ते मिटलेले डोळे, कधीच न सुटलेलं गाठोडं. तीन महिने, रोज, जाताना आणि येताना. आणि घरी परतल्यावर ती काजं त्या केव्हा करत असतील? आम्ही मागे बसून हसत होतो.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही नसतात तर मी..."

"रडतेस काय, काडी? उशीर होईल. हात धर."

मी हात धरला. आम्ही अगदी सावकाश निघालो. मागून बस आली की काकू थांबायच्या, अधू डोळ्यांनी खिडक्यांकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, "भरलीय ना?"

"भरलीय काकू," मी सांगायची. मग त्या पुढे चालू लागायच्या.