जरा हसरं करा

ट्यूबमधला रंग वाळून जातो, कागदाला वाळवी लागते, पण आमच्या धंद्यातले किस्से काही संपत नाहीत. एक सांगून होईस्तोवर दुसरा घडलेला असतो. मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते आणि माझं डोकं लवकर फिरतं. ते फिरलं की माझा मित्र संजय ऐकून घेतो. तोही चित्रकारच, राहायला अंबरनाथ पूर्वेला. दर रविवारी आम्ही तिकडे मिसळ खायला भेटतो. परवा तो म्हणाला, "तू हे सगळं लिहून काढ बाई. नाहीतर तुझं बीपी वाढेल आणि माझी मिसळ गार होईल."

लिहायला बसले आणि लक्षात आलं, माझ्या सगळ्या किश्शांच्या मुळाशी एकच शब्द आहे. हसरं. "जरा हसरं करा." इतकी वर्षं हे काम करतेय, पण ही रेघ चुकली, हा हात आखूड झाला, असं मला कुणी म्हणालेलं नाही. सगळ्यांचं अडतं ते तोंडापाशी.

*

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीशी येणारे-जाणारे उभे राहायचे. कशासाठी, ते सांगायला नको. सेक्रेटरी पाटीलकाका माझ्याकडे आले. "तुम्ही दिवसभर घरीच असता, तर एक बोर्ड काढून द्या. येथे लघवी करू नये. पब्लिक वाचत नाही, चित्र बघते."

दिवसभर घरीच असता म्हणे. घरी मी काय पापड लाटत बसते? पण गिळलं. बोर्ड काढला. भिंतीशी उभा असलेला माणूस, मान वळवून बघतोय, चेहरा ओशाळलेला. शेजारी शिट्टी फुंकणारा वॉचमन.

काकांनी बोर्ड लांब धरून बघितला. "वॉचमन नको. आपल्याकडे वॉचमन नाहीये, उगाच मेंबर विचारतील. आणि या माणसाचा चेहरा फारच पडलाय. आपल्याकडे पाहुणे येतात-जातात. जरा हसरं करा."

"काका, तो पकडला गेलाय."

"म्हणून काय झालं? प्रेमाने पण सांगता येतं ना."

वॉचमन खोडला. माणूस हसरा केला. बोर्ड लागला. आता लोक लांबून बोर्ड बघतात, जागा बरोबर सापडली म्हणून खूश होतात आणि निर्धास्त उभे राहतात. गर्दी वाढलीय. काका म्हणतात, चित्रात काहीतरी कमी पडलं.

*

उल्हासनगरला एक शेठ आहेत, मुलांची पुस्तकं आणि तक्ते छापतात. मनाने चांगला माणूस. ऑफिसात पाय ठेवला की आधी पापड आणि पाणी पुढे येतं, काम मग. त्यांच्यासाठी मी प्राण्यांचं पुस्तक करत होते. एकेक पान उलटत शेठ म्हशीपाशी थांबले.

"दीदी, इस भैंस को टेन्शन क्या है?"

"टेन्शन नहीं है शेठ. म्हैस ऐसीच दिखती है."

"नहीं नहीं. बच्चा डर जाएगा. थोडा स्माइल दो."

मी म्हणाले, शेठ, माझ्याबरोबर बदलापूरला चला, गोठ्यात उभं करते तुम्हाला, एक तरी म्हैस हसताना दाखवा. ते म्हणाले, "मेरे को थोडी खरीदनी है." शेवटी काढली बाई हसरी म्हैस. म्हशीला हसवायचं म्हणजे आधी तिला ओठ द्यावे लागतात, मग गाल द्यावे लागतात, आणि गाल दिले की ती म्हैस राहत नाही. शेठ चित्राकडे बघतच बसले. मग हळूच म्हणाले, "ये तो मेरे साढू जैसी दिखती है." आणि पास करून टाकली.

मी सुटले म्हणून उठणार, तेवढ्यात त्यांनी पुढचं पान उलटलं. तिथे मगर होती. आता सगळ्या प्राण्यांत देवाने जन्मतःच हसरं तोंड दिलंय ते मगरीला. या कानापासून त्या कानापर्यंत. मला वाटलं, निदान इथे तरी माझी सुटका आहे.

शेठनी चष्मा पुसला. "दीदी, इसका स्माइल थोडा कम करो. डेंजर लगता है."

*

हा किस्सा संजयचा, पण त्याच्याइतकीच चीड मला आली होती, म्हणून सांगते. अंबरनाथच्या एका दातांच्या डॉक्टरांनी त्याच्याकडून मुलांसाठी छोटं पुस्तक करून घेतलं. पहिल्या पानावर दाढ दुखणारा मुलगा, गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, मुलं घाबरतील, हसरा करा. संजय म्हणाला, दाढ दुखत असताना तो हसतोय, तर दवाखान्यात कशाला जाईल? डॉक्टर म्हणाले, ते मी बघतो.

सुजलेला गाल तसाच ठेवून संजयने मुलगा हसरा केला आणि पुस्तक वेटिंग रूममध्ये लागलं. तिथे बसलेल्या एका चिमुरडीने पहिलंच पान आईला दाखवलं. "मम्मी, हा बघ लाडू खातोय."

मम्मी म्हणाली, "म्हणूनच तुझे दात किडलेत." आणि पुस्तक मिटून ठेवलं.

*

शेजारच्या स्नेहाचा ओम पाचवीत. स्नेहा एका दुपारी दारात उभी. "याचा प्रोजेक्ट आहे, पाणीटंचाई. एक चित्र काढून दे ना. तुझं काय, दोन मिनिटांचं काम."

हे दोन मिनिटांचं काम ज्याने शोधून काढलं, तो मला एकदा भेटायला हवा. तिला म्हटलं, ओमने काढावं. ती म्हणाली, ओमला क्लास आहे. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा दुसरा आजार. काढलं. गल्लीत टँकर, हंड्यांची रांग, घामाघूम बायका, एक म्हातारी खाली बसलेली. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी स्नेहा परत आली, तोंड फुगवून. चित्रावर लाल पेनाने शेरा होता: "माणसे उदास का? चित्र आनंदी हवे. Improve drawing."

"तुझ्यामुळे ओमची ग्रेड गेली," स्नेहा म्हणाली. ओम मागे उभा होता. तो म्हणाला, "मावशी, मी काढलं असतं तर टँकरलाच डोळे काढून हसवला असता. बाईंना तेच आवडतं." पाचवीतल्या पोराला धंदा कळलाय आणि मी अजून रांगेतल्या बायकांचे चेहरे रंगवत बसलेय.

*

इथपर्यंत ठीक होतं. बोर्ड, म्हैस, प्रोजेक्ट, चालायचंच. रविवारी हसायला विषय झाला. पण पुढचं सांगताना मला अजूनही हसू येत नाही.

आमच्या बिल्डिंगखाली एक कुत्रा होता, ढम्या. कुणाचाच नव्हता, म्हणजे माझा होता. म्हातारा होऊन गेला. तो गेल्यावरही कितीतरी दिवस मी सवयीने खाली पोळी घेऊन जायचे आणि त्याच्या जर्मनच्या ताटलीपाशी पोचल्यावर मला आठवायचं. त्याच्यावर मी पुस्तक केलं. शब्दही माझे, चित्रंही माझी. त्यात जाई नावाची मुलगी आहे. ढम्या तिचे बूट पळवतो, तोंड चाटतो, शाळेपर्यंत मागे येतो. आणि मग पान अकरा. जाई जिन्यात बसलीय, पुढे ती ताटली, ताटलीत पोळी तशीच.

त्या पानावर जाईचं तोंड म्हणजे एक रेघ. बाकी काही नाही. ती रेघ मला जमेना. खाली वाकवली की जाई रडूबाई दिसायची, सरळ ठेवली की रुसलेली. रडून झाल्यावर, आता कुणाशी बोलायचं नाही असं झाल्यावर तोंड कसं होतं, ते आरशासमोर बसून बघितलं. कागदांचा ढीग फुकट घालवला. एका सकाळी हात न थांबता ती रेघ आली आणि मी ब्रश खाली ठेवून रडले. सगळं पुस्तक त्या रेघेसाठी होतं. ती राहिली तर पुस्तक माझं, नाहीतर नाही.

चित्रं प्रकाशनाकडे गेली. संपादक मेघनाताईंचा फोन आला. "अगं, अप्रतिम! फक्त पान अकरा... जाईला जरा हसरी करता येईल?"

"ताई, कुत्रा मेलाय."

"हो गं, कळतं मला. पण मुलांना पॉझिटिव्ह काहीतरी हवं. हसरी नको, निदान आशावादी कर."

"आशावादी ओठ कसे असतात?"

त्यांनी व्हॉट्सॲपवर एक पिवळा हसरा गोळा पाठवला. खाली लिहिलं, "साधारण असे."

मी ताईंना स्वच्छ सांगितलं. मुखपृष्ठ बदला, नाव बदला, माझं नाव शेवटच्या पानावर बारीक टाइपात टाका, पण या रेघेला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, "बरं, तू म्हणशील तसं." मी त्या रविवारी संजयला मिसळ खाऊ घातली.

पुस्तकं छापून आली. खोका फोडला, वरची प्रत उघडली, सरळ पान अकरा. जिना तोच, ताटली तीच, जाईचे रडून सुजलेले डोळे तेच. आणि खाली कान-टू-कान हसू. मी ते तोंड ओळखलं. तिसऱ्या पानावर ढम्या जाईला चाटतो तेव्हाचं, माझ्याच हाताचं. डिझायनरने तिथून उचलून इथे चिकटवलं होतं. कुत्रा मेल्याचा या पोरीला आनंद झालाय, असं ते पान दिसत होतं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. ताई म्हणाल्या, "अगं, एवढी काय चिडतेस? तुझंच तर ड्रॉइंग आहे. दुसऱ्या कुणाचं वापरलंय का?"

मी फोन ठेवला, खोका कॉटखाली सारला आणि पुढच्या दोन रविवारी मिसळ खायला गेले नाही.

*

काही महिन्यांनी मोरिवलीतल्या एका शाळेतून फोन आला. तुमचं पुस्तक आमच्या वाचनपेटीत आहे, मुलांना भेटायला या. जायची इच्छा नव्हती. पण मुलांनी काही बिघडवलं नव्हतं, म्हणून गेले.

मुलं गोड होती. तासभर चित्रं काढली, खडूने हात रंगवले. निघताना कदमबाई म्हणाल्या, "मॅडम, एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका. तुमचं पुस्तक एका मुलीने खराब केलंय." आणि त्यांनी आवाज दिला, "श्रावणी, ये इकडे. पुस्तक घेऊन ये."

दोन वेण्या घातलेली, बारकी मुलगी पुढे आली. बाईंनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पान अकरा. जाईच्या हसऱ्या तोंडावर व्हाइटनरचा पांढरा थर होता. आणि त्यावर निळ्या बॉलपेनने एक रेघ.

"सॉरी बोल मॅडमना," कदमबाई म्हणाल्या.

श्रावणी खाली बघत म्हणाली, "सॉरी." मग मान वर केली. "पण मॅडम, ती हसत होती."

"मग हसली तर तुझं काय गेलं?" बाईंनी विचारलं.

"आमचा वाघ्या गेला तेव्हा मी जेवले पण नव्हते," श्रावणी म्हणाली.

मी ते पान डोळ्यांजवळ घेतलं. रेघ थोडी वाकडी होती, व्हाइटनरवर पेन अडखळलेलं दिसत होतं. पण रेघ बरोबर होती. मी बाईंना म्हटलं, ही प्रत मी नेते, तुम्हाला नवी पाठवते. श्रावणीला म्हटलं, "हे तू खराब नाही केलंस. दुरुस्त केलंस." तिचा विश्वास बसला नसावा. तिने बाईंकडे बघितलं.

"चला, एक फोटो होऊन जाऊ दे," कदमबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढला. श्रावणी माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघींनी पुस्तक मध्ये धरलं, पान अकरा उघडून.

"मॅडम, स्माइल. श्रावणी, स्माइल कर बाळा."

श्रावणीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आम्ही दोघी हसलो नाही. फोटो निघाला.

घरी आले, त्या पानाला प्लास्टिकचं कव्हर घातलं, आणि बऱ्याच महिन्यांनी मला शांत वाटलं. संध्याकाळी चहा टाकला होता, तेव्हा कदमबाईंनी मला जोडलेल्या शाळेच्या ग्रुपवर तो फोटो आला. मी या कानापासून त्या कानापर्यंत हसत होते, असे दात मला नाहीतही. श्रावणी हसत होती. आणि आमच्या मध्ये, पान अकरावर, जाईसुद्धा.

खाली कदमबाईंचा मेसेज होता: "मॅडम, फोटोत तिघींचेही चेहरे जरा सिरियस आले होते. मी ॲपमध्ये हसरे करून घेतले."