हळदीची सहा फडकी

आमच्या ह्यांना कारखान्याचं क्वार्टर मिळालं ते माझ्या वाकड्या शिवणीमुळे. ह्यांच्या मते त्यात त्यांच्या कामाचाही थोडा वाटा होता, पण ते असो.

तेव्हा आम्ही चामराजपेटेत दोन खोल्यांत राहत होतो. सासरे अण्णा, सासूबाई अक्का, आम्ही दोघं आणि अक्कांचं हाताचं शिवणाचं मशीन. (मशीनला खिडकीजवळची जागा होती. मला नव्हती!) क्वार्टरसाठी ह्यांचा अर्ज कित्येक महिने साहेबांच्या टेबलावर पडून होता. म्हणून ह्यांनी साहेबांना सपत्नीक चहाला बोलावलं.

"साहेबांकडे हात-तोंड पुसायला कागदाचे रुमाल असतात," हे म्हणाले. "एकदा पुसायचं आणि टाकून द्यायचं. कॅन्टोन्मेंटात मिळतात. आणू?"

"कागद?" अक्का कडाडल्या. "कागद म्हणजे सरस्वती! पाय लागला तर नमस्कार करतो आपण, आणि त्याला तेलकट तोंड पुसायचं? माझ्या घरात नाही चालायचं!"

"मी कापडाचे शिवते," मी म्हणाले. माहेरी मी उशीचा एक अभ्रा शिवला होता. (उशी आत गेली नाही, हा उशीचा दोष.)

अक्कांनी अण्णांचं जुनं, मऊ धोतर काढून दिलं आणि त्या दोन दिवस आनेकलला लेकीकडे गेल्या. मी धोतराची सहा फडकी कापून शिवली. शिवल्यावर ती मलमपट्टीच्या पट्ट्यांसारखी दिसायला लागली! साहेबांना वाटायचं, घरात कुणी जबर पडलंय. म्हणून मी ती हळदीच्या पाण्यातून काढली आणि कडांना लाल दोरा घातला. आता कशी छान दिसत होती! घड्या घालून पितळी तबकात ठेवली आणि तबक ठेवलं कोनाड्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. (दोन खोल्यांत दुसरी जागा होती कुठे?)

शनिवारी साहेब आणि त्यांच्या पत्नी पद्माक्का आले तेव्हा मी आत भजी तळत होते. अक्का नुकत्याच आनेकलच्या बसमधून उतरून आल्या होत्या. मी ताट घेऊन बाहेर येते, तो अक्का पद्माक्कांची ओटी भरून मोकळ्या! पदरात नारळ, आणि नारळाखाली माझी सहाच्या सहा फडकी!

"अहो अक्का, ते खण—"

"कळलं मला," अक्का माझ्या कानाशी कुजबुजल्या. "एवढासा खण आणतात का गं? एकाची बाहीसुद्धा व्हायची नाही. म्हणून सगळेच देऊन टाकले. लाज राखली तुझी!"

इकडे ह्यांनी दोन भजी खाल्ली आणि तेलकट बोटं हवेत धरून मला खुणेनं विचारलं, रुमाल कुठायत? मी भुवयांनी पद्माक्कांच्या पदराकडे दाखवलं. हे पांढरेफटक पडले. साहेबांच्या बायकोच्या पदराला हात पुसा, असं मी सुचवतेय, असा त्यांनी अर्थ घेतला!

तेवढ्यात पद्माक्कांनी एक घडी उलगडली. कापड वीतभर. शिवण सापासारखी. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला खरं सांगून टाकावंसं वाटत होतं. पण सांगणार काय? बाई, तुमच्या ओटीत आमच्या अण्णांचं जुनं धोतर आहे? आणि अण्णा समोरच बसलेले!

"सरी, चालेल," पद्माक्का शेवटी म्हणाल्या. "स्वल्प लहान आहे, पण मनापासून दिलंय." त्यांनी फडकं डोळ्यांना लावलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात गुपचूप पँटला पुसले.

ते गेल्यावर हे भिंतीला टेकून बसले. "गेलं क्वार्टर," म्हणाले. मला रडूच फुटलं. पुढचे दोन दिवस घरात फक्त मशीन गप्प नव्हतं, कारण अक्का त्यावर उरलेल्या धोतराची पायपुसणी शिवत होत्या.

आणि पुढच्याच आठवड्यात क्वार्टर मंजूर झाल्याचं पत्र आलं! का, ते आमच्यापैकी कुणालाच कळेना. नव्या घरी सामान लावताना पद्माक्का मदतीला आल्या, तेव्हा त्यांनीच उलगडा केला.

"अय्यो, त्या दिवशी मला झोप आली नाही गं! एका चोळीसाठी सहा तुकडे द्यावे लागतात, इतकी ओढाताण! ह्यांना म्हटलं, बाकीचं राहू द्या, आधी त्या पोरीला घर द्या."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, गरिबीनं.

पद्माक्कांनी त्यातली पाच फडकी कॉलनीतल्या पाचजणींच्या ओटीत घातली होती. एकीचे खण दुसरीच्या ओटीत जायची आपली रीतच. त्यामुळे वर्षभरात पाचही माझ्या ओटीत परत आली. प्रत्येक वेळी मी ते डोळ्यांना लावलं आणि ट्रंकेत ठेवलं. तोंड पुसायची हिंमत कधी झाली नाही.

सहावं सापडलं ते साहेबांकडे. एकदा मी पद्माक्कांकडे गेले, तर साहेब व्हरांड्यात बसून त्या फडक्यानं चष्मा पुसत होते. मला पाहताच ते चपापले आणि हळूच म्हणाले,

"हिला सांगू नका हं! ही खण म्हणून जपते. पण खरं सांगू? हे कापड पुसायलाच फार छान आहे!"

"अय्या, हो का?" मी म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं!"